आजव्याचे बासष्ट, झीरिकझेचे बासष्ट

जुलै लागला की आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न असतो, "आजवा किती?"

बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते. शहराच्या पूर्वेला आजव्याचं सरोवर आहे, महाराज सयाजीरावांनी बांधून घेतलेलं. बडोद्याने पिढ्यान् पिढ्या त्याचं पाणी प्यायलंय. ते भरलं की त्याच्या ६२ दरवाज्यांतून पाणी सुटतं आणि विश्वामित्री नदीत येतं. २११ फूट, २१२ फूट, हे पाण्याच्या पातळीचे आकडे आम्हा बडोदेकरांना पाढ्यांसारखे पाठ. आजव्याचा आकडा कळला की लगेच पुढचं, "आणि काळ्या घोड्याला?" म्हणजे काळ्या घोड्याच्या पुलापाशी नदी किती फुटांवर आलीय. २६ फूट म्हणजे धोका.

यंदा जूनमध्ये मी लेकीकडे नेदरलँड्सला होते. एका दुपारी झीरिकझे गावासमोरच्या खाडीत, समुद्राच्या तोंडावर घातलेल्या भल्यामोठ्या बांधावर आम्ही उभे होतो. वारा असा, की ओढणी दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागत होती. जावई म्हणाले, "आई, हे लोखंडी दरवाजे दिसतायत ना, असे एकूण ६२ आहेत."

मी परत विचारलं, "किती?"

"६२. आणि खांब ६५."

माझ्या अंगावर काटा आला. जावई पुण्याचे, त्यांना या आकड्याचं काय कळणार. लेकीला कळलं. तिने काही न बोलता माझा हात धरला.

तिने हात धरला त्याला कारण २०२४ ची गोकुळाष्टमी. त्या दिवशी जो पाऊस लागला तो थांबेचना. आमचं घर अकोट्यात, तळमजल्यावर. नदी ३५ फुटांच्या वर गेली, आणि पाणी पहिल्यांदा दारातून आलंच नाही, ते आलं न्हाणीघराच्या जाळीतून. आम्ही दाराशी चादरी कोंबत बसलो होतो आणि मागच्या मागे सगळं घर भरलं. दोन रात्री वरच्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांकडे काढल्या. त्या माउलीने आम्हा दोघांना आणि खालच्या आणखी एका कुटुंबाला मेणबत्तीच्या उजेडात खिचडी-कढी करून घातली. बाजूच्या सोसायटीत मगर आली होती. मला मगरींचा राग आला नाही, कधीच येत नाही. नदी त्यांची आहे. पाण्याबरोबर आल्या, पाण्याबरोबर गेल्या.

फ्रिज गेला, गाद्या गेल्या, त्याचं दुःख महिनाभरात सरलं. आजोबांच्या वहीचं सरलं नाही.

माझे आजोबा कलाभवनात रंगकाम शिकले. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे दिली, ते स्वतः रसायनशास्त्राचे. दादासाहेब फाळकेही याच कलाभवनाचे विद्यार्थी. तिथे कापड रंगवायचं शास्त्र शिकवत, आणि आजोबांनी ते सगळं एका जाड वहीत उतरवून ठेवलं होतं. डाव्या पानावर कृती, टाकाने लिहिलेली. उजव्या पानावर त्या कृतीने रंगवलेला सुती कापडाचा बोटभर तुकडा, चार कोपऱ्यांवर डिंकाने चिकटवलेला. मी पुढे तीस वर्षं वस्त्ररसायन शिकवलं ते त्या वहीच्या जोरावर. पहिल्या तासाला वर्गात वहीच घेऊन जायचे, मुली तुकड्यांवरून बोट फिरवून बघायच्या.

पाणी उतरल्यावर वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात सापडली, चिखलाने फुगलेली. पंख्याखाली एकेक पान जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत ठेवून वाळवलं. शाई वाहून गेली होती. तुकड्यांतला पिवळा गेला, जांभळा गेला, हिरव्याचा नुसता डाग उरला. तांबडा तेवढा राहिला. सात-आठ पानांवर तुकडे जसेच्या तसे, कडा सुरेख, रंग खणखणीत. आजोबा त्याला नुसतं 'अलिझरीन' म्हणायचे, घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं. तुरटी आणि तेल यांच्या मदतीने तो धाग्यात असा बसतो, की धुण्याला, उन्हाला, आणि आता म्हणते, विश्वामित्रीच्या पुरालाही दाद देत नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की झीरिकझेला मी गेले ते खरं तर त्या तांबड्यासाठी. अलिझरीन मुळात निघतं एका झाडाच्या मुळांतून, मॅडर त्याचं नाव. आपल्या मंजिष्ठेची युरोपातली सख्खी बहीण. मी शिकवायचे तेव्हा पाठात 'झेलंडचा मॅडर' असा उल्लेख यायचा, उत्तम प्रतीचा म्हणून. झेलंड हा नेदरलँड्सचा नैऋत्येकडचा प्रांत, नुसती बेटं आणि खाड्या. मी तो शब्द वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला आणि तो नकाशावर कुठे आहे हे एकदाही बघितलं नाही. मग लेकीला नोकरी लागली मिडलबर्गला, म्हणजे बरोबर त्याच प्रांतात! आणि तिच्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, मॅडरच्या जुन्या व्यापाराचं गाव, झीरिकझे.

जाताना झेलंड पूल लागतो. १९६५ साली बांधलेला, पाच किलोमीटरहून थोडा लांब, दोन्ही बाजूंना फक्त खाडी. पुलावरून गावाची पहिली ओळख होते ती एका मनोऱ्याने. जाडजूड, बुटका, वरून कापल्यासारखा. १४५४ मध्ये तो बांधायला घेतला तेव्हा गाव श्रीमंत होतं, मनात होतं १३० मीटरच्याही वर न्यायचं. साधारण साठ मीटरवर पैसा संपला आणि काम थांबलं ते थांबलंच. शेजारचं जुनं चर्च १८३२ मध्ये जळालं. मनोरा राहिला. गावकरी त्याला प्रेमाने 'जाडा मनोरा' म्हणतात.

गाव केवढं? अकरा हजारांच्या आसपास वस्ती. आमच्या रावपुऱ्यातून गणपतीच्या विसर्जनाला याहून जास्त माणसं चालतात. पण एवढ्याशा गावात पाचशेच्या वर जुन्या इमारती सरकारने राखीव करून जपल्यात. त्यात लोक राहतात, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या आहेत, दारात सायकल आहे. मला हेच फार आवडलं. आमच्याकडे जुन्या वाड्यावर पाटी लागते आणि वाडा ओस पडतो.

वेशीचे तीन दरवाजे शिल्लक आहेत. ते बघताना मला आमचे चार आठवत राहिले, लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट, आणि मधोमध मांडवी. झीरिकझेच्या उत्तरेच्या दरवाज्याला दोन निमुळते शेंडे आहेत. दोन श्रीमंत बहिणींनी तो आपल्या पैशाने बांधला अशी तिथली दंतकथा. उरलेले दोन समोरासमोर, बंदराच्या तोंडाशी, दोन बाजूंना दोन पहारेकरी उभे असावेत तसे. त्यातल्या दक्षिणेकडच्या दरवाज्यात सोळाव्या शतकातल्या घंटांचा संच आहे, त्या देशातला सगळ्यात जुना. आमचे दरवाजे जमिनीवरून येणाऱ्या माणसासाठी. यांचे पाण्यावरून येणाऱ्यासाठी. जुन्या नगरभवनाच्या कळसावर तर वाऱ्याची दिशा दाखवायला चक्क समुद्रदेव नेपच्यून बसवलाय.

मी जास्त वेळ काढला तो धक्क्यावर. सकाळी पोचलो तेव्हा बोटी खाली होत्या. इतक्या खाली, की काठावर उभं राहून बोटीतल्या माणसाच्या टकलाकडे बघावं लागत होतं. धक्क्याची भिंत वरून कोरडी, विटकरी, आणि त्याखाली उंच पट्टा काळपट ओला, त्यावर शेवाळ, शेवाळात चिकटलेले छोटे शिंपले. जेवून परत आलो तर पट्टा नाहीसा झाला होता. बोटी वर आल्या होत्या. कसलाही आवाज नाही, कसली गडबड नाही. तरंगत्या धक्क्यावर एक आजी विणकाम करत बसल्या होत्या, त्याही सुमारे दोन पुरुष वर आल्या होत्या. मी लेकीला म्हटलं, "अगं, हे रोज?" ती म्हणाली, "रोज दोनदा."

ज्या बाईच्या घरात पाणी एकदाच वर आलं आणि सगळं घेऊन गेलं, तिने हे बघणं काय असतं ते मला नीट सांगता येत नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

या बंदरातून मीठ जायचं, मासे जायचे, आणि मॅडर जायचा. मॅडरचं पीक दोन-तीन वर्षं जमिनीत ठेवायचं, मग मुळं खणून भट्टीघरात वाळवायची आणि कुटून पूड करायची. सबंध युरोपचे गणवेश आणि गाद्यांची कापडं त्यात तांबडी व्हायची. मग १८६८ मध्ये बर्लिनमध्ये ग्रेब आणि लिबरमान या दोघांनी अलिझरीन प्रयोगशाळेत तयार केलं, डांबरापासून निघणाऱ्या अँथ्रासीनमधून. काही दशकांत इथली शेतं, भट्ट्या, सगळं बसलं. आणि त्याच सुमारास बडोद्यात कलाभवन उघडलं. आजोबांच्या वहीतलं अलिझरीन कारखान्यातून आलेलं असणार, डब्यातलं. माझ्या घरी रंग म्हणून जे आलं, त्याने या गावाचं पोट गेलं होतं. धक्क्यावर उभं राहून हा हिशोब पहिल्यांदा माझ्या ध्यानात आला, आणि मला वाईट वाटलं. मी वहीतला एक छोटा तांबडा तुकडा पर्समध्ये नेला होता. तो काढून भिंतीच्या विटेवर ठेवला, थोडा वेळ बघितला, परत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी जावयांनी आउवरकेर्कला नेलं, गावापासून जवळच. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात वायव्येचं वादळ आणि अमावस्या-पौर्णिमेला येते ती मोठी भरती एकदम आली. आपल्याकडे त्या भरतीला उधाण म्हणतात. झोपेतल्या माणसांवर बांध फुटले. नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली, सगळ्यात जास्त याच झेलंडमध्ये. भगदाडं बुजवायला नऊ महिने लागले. शेवटचं आउवरकेर्कचं, ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला बुजलं. त्यासाठी महायुद्धातल्या तरंगत्या बंदराकरता बनवलेल्या काँक्रीटच्या प्रचंड पोकळ पेट्या आणून बुडवल्या. त्या चार पेट्या अजून तिथेच आहेत, आणि त्यांच्या आत आता त्या पुराचं संग्रहालय आहे. पुराने खणलेल्या खोल खाड्या बाहेर तशाच ठेवल्यात, कडेने झाडी वाढलीय.

आत, पुरात गेलेल्या माणसांची नावं आहेत. मला डच येत नाही, पण एकाच आडनावाची पाच-सहा नावं ओळीने आली की काय झालं असेल ते भाषा न येता कळतं. एका कपाटात पुरातून वाचलेल्या घरगुती वस्तू होत्या. मी तिथून लवकर बाहेर आले. लेक मागे आली, "आई, बरं वाटतंय ना?" म्हटलं, हो. थोडं बसूया.

आता त्या ६२ दरवाज्यांकडे येते, कारण माझ्या मनात घोळतंय ते तिथलं.

१९५३ नंतर त्यांनी ठरवलं, खाड्यांची तोंडं एकेक करून कायमची बंद करायची. ओस्टरस्खेल्डे ही झीरिकझेसमोरची खाडी सगळ्यात मोठी, तिचाही बांध घालायचं काम सुरू झालं होतं. तेव्हा कालवं आणि शिंपले पिकवणारे, मच्छीमार आणि निसर्गप्रेमी उभे राहिले. भरती बंद झाली तर खाडीचं तळं होईल, आमचा धंदा जाईल, पक्षी जातील. ज्यांच्या घरची माणसं बुडाली होती ते साहजिकच म्हणत होते, बंद करा. वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी सत्तरच्या दशकाच्या मध्याला तोडगा निघाला. बांध घालायचा, पण दरवाज्यांचा. दरवाजे उघडे ठेवायचे, आणि समुद्र साधारण पातळीपेक्षा ३ मीटर वर चढणार असा अंदाज आला की तेवढ्यापुरते लावायचे. ४ ऑक्टोबर १९८६ ला राणी बेआट्रिक्स यांनी त्याचं उद्घाटन केलं. सगळी लांबी ९ किलोमीटर. दरवाजे सरासरी वर्षातून एखाद्या वेळी लागतात. एरवी समुद्र मोकळेपणी येतो-जातो.

मी आयुष्यभर आजव्याचे दरवाजे 'उघडले' या शब्दाला घाबरत आले. इथे उघडे दरवाजे बघायला माणसं गाड्या करून येत होती.

ओहोटीला खाडीच्या काठावर गेलो. झीरिकझेच्या दोन्ही बाजूंना किनाऱ्याने पुढचा बांध आणि मागचा बांध अशी जोडी आहे, एक फुटला तर दुसरा. मधल्या पट्टीतली माती बांधांसाठी काढलेली, म्हणून तिथे खोलगट, खारट, ओलसर कुरणं तयार झालीत. मागच्या तीसेक वर्षांत लगतची बरीच शेतंही त्यांनी मुद्दाम परत पाणथळ केली, आणि त्या योजनेला नाव दिलं एका पक्ष्याचं, तुरेलुर. लाल पायांचा, सारखा ओरडणारा. मी त्याला ओळखलं! डभोईजवळ वढवाण्याच्या तळ्यावर हिवाळ्यात हाच असतो. वढवाणाही गायकवाडांनीच शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं, आणि २०२१ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं. लेक लहान असताना आम्ही डबा घेऊन तिथे जायचो. आता ती मला दुर्बीण देऊन म्हणत होती, "आई, डावीकडे, खांबाच्या टोकावर." आणखी एक काळा-पांढरा पक्षी होता, चोच गाजरासारखी केशरी आणि लांब, चिखलात खुपसून शिंपले काढत होता. दूर वाळूच्या उंचवट्यावर करड्या रंगाचे लांबट दगड पडले होते. त्यातला एक दगड कुशीवर वळला. सील!

परतताना मासळीवाल्याकडून 'झेक्राल' घेतलं. खाडीच्या चिखलात येणारी, काड्यांसारखी हिरवी, रसरशीत भाजी. घरी मोहरी-लसणीची फोडणी देऊन दोन मिनिटं परतली. मीठ घालायचंच नाही, भाजीत समुद्राचं असतं. भाकरीबरोबर जावयांनी दोनदा घेतली.

पश्चिमेच्या टोकाला वाळूच्या टेकड्या आणि पाइनचं जंगल आहे, तेही बघितलं, छान आहे. पण मन खाडीपाशीच होतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. खांबांमुळे खाडीत येणारा प्रवाह मंदावला, आणि ओहोटीला उघडी पडणारी वाळूची पठारं झिजू लागली. वादळ वाळू खाली ओढतं, ती परत वर चढवायला प्रवाहात जोर उरलेला नाही. त्याला तिथे 'वाळूची भूक' म्हणतात. म्हणून २०१९-२० मध्ये एका पठारावर त्यांनी दहा लाख घनमीटरहून जास्त वाळू बाहेरून आणून टाकली, पक्ष्यांना आणि सीलना बसायला जागा राहावी म्हणून. हे ऐकून मला त्या माणसांबद्दल जास्तच आदर वाटला. बांधलं, चूक दिसली, मान्य केली, आणि अजून खपतायत.

बडोद्याला परत आले ते विश्वामित्री बघायलाच. आमच्याकडेही पुरानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद करायचं काम निघालं. काम व्हायला हवं होतं, माझ्याइतकं ते कोणाला वाटत असेल! पण पावसाचं पाणी आधी सामावून घ्यायची ती नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी. ती माझ्या डोळ्यांदेखत भरली, त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या. मी लहान असताना आत्याच्या घरामागे कोतर होतं, पावसाळ्यात तुडुंब भरायचं आणि आत्या म्हणायची, "भरू दे गं, ते भरलं म्हणून आपण कोरडे." आज त्या जागी पार्किंग आहे. नदीला दोन्हीकडून भिंती घाला, म्हणजे कटकट मिटेल, असं आता घरोघरी ऐकू येतं. मला ते पटत नाही. मला कोतरं परत हवीत, जेवढी मिळतील तेवढी, आणि मगरींना ऊन खायला मातीचा काठ हवा. माझं घर बुडालंय, म्हणून मी हे म्हणू शकते असं मला वाटतं.

वही मी पुन्हा बांधून घेतली. कोऱ्या झालेल्या पानांवर, मला तोंडपाठ आहेत तेवढ्या कृती परत लिहितेय. ती आता वरच्या फळीवर असते.

लेकीने निघताना भरती-ओहोटीच्या वेळांची एक छोटी पुस्तिका दिली, बोटवाले वापरतात ती. तिचं ऑगस्टचं पान मी फ्रिजवर चुंबकाने लावलं होतं. रोज दुपारी साडेतीनला चहा टाकते तेव्हा तिथल्या दुपारी बाराचा आकडा बघायचे. एका दुपारी लेकीचा फोन आला.

"आई, आजवा किती?"

"२११ ला टेकलंय. पाऊस थांबलाय पण. तुमच्याकडे आत्ता ओहोटी ना?"

"थांब, बघते... हो गं. तुला कसं माहीत?"

"फ्रिजवर आहे," मी म्हटलं, आणि गॅस बारीक केला.